हाताला न झोंबणारं काडतूस: रिव्हॉल्व्हरसाठी कमी धक्क्याची निवड

माझ्या पहिल्या रिव्हॉल्व्हरमधून मी पहिल्या दिवशी नऊ गोळ्या झाडल्या. सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात, पाच मावतात. दुसऱ्या फेरीतली पाचवी झाडायचं धाडसच झालं नाही. सिलिंडर उघडून ते काडतूस काढून घेतलं, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि उजवा हात काखेत दाबून उभी राहिले. अंगठ्याच्या बुडाशी मला संधिवात आहे आणि वय तेव्हा ५४. दुकानदाराने 'बायकांच्या हाताला हलकंच बरं' म्हणत सव्वाचारशे ग्रॅमचं छोटेखानी रिव्हॉल्व्हर गळ्यात मारलं होतं आणि वर 'ही जोरदार आहेत' म्हणून प्लस पी, म्हणजे जास्त दाबाच्या, काडतुसांचा डबा. दोन्ही सल्ले चुकीचे होते, आणि एकत्र आल्यावर तर विचारूच नका.

त्याला आता सहा वर्षं झाली. आज मी त्याच हाताने एका बैठकीत पन्नास-साठ गोळ्या झाडते आणि संध्याकाळी पोळ्याही लाटते. हात तोच आहे, काडतूस बदललं. इथे टेक्ससमध्ये आमच्या मंडळातल्या दोघी-तिघींनी आणि मनगटाचं ऑपरेशन झालेल्या एका काकांनी वेगवेगळ्या वेळी तेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी कायदा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने सगळ्यात आधी आपला व्हिसा पाहावा. एच-वन-बी, एफ-वन, बी-टू अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. अपवाद मोजके, नेहमी सांगितला जाणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, भाड्याचं शस्त्र हातात घेणं हेही 'बाळगणं' ठरू शकतं, त्यामुळे मित्राने 'अरे, एकदा मारून तर बघ' म्हटलं तरी आधी वकिलाला विचारा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना गंमत म्हणून रेंजवर न्यायचा बेत असेल तर तो तिथेच सोडा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

मग राज्याचे नियम. न्यू जर्सीत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काडतुसं घ्यायला ओळखपत्र लागतं, आणि पोकळ टोकाची गोळी, म्हणजे हॉलो पॉइंट, घरात ठेवता येते आणि रेंजवर नेता येते, पण बरोबर घेऊन फिरता येत नाही. तिथल्या एडिसनला राहणाऱ्यांनी हे पाठच करावं, कारण टेक्ससमधल्या भावाने दिलेला सल्ला तिथे गुन्हा ठरू शकतो. कॅलिफोर्नियात २०१९ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून काडतूस खरेदीलाही पार्श्वभूमी तपासणी आहे. इलिनॉयमध्ये त्यांचं वेगळं कार्ड.

भारतातल्या वाचकांसाठी हा लेख थोडाच कामाचा. तिथे शस्त्र कायदा १९५९ चा, .३८ हा बोअर, म्हणजे इंचात सांगितलेलं नळीचं माप, सामान्य नागरिकासाठी निषिद्ध, आणि परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२ चं रिव्हॉल्व्हर. काडतुसांतही निवडीला फारसा वाव नाही. पण .३२ बद्दल पुढे जे लिहिलंय ते वाचा, कारण कमी धक्क्याच्या बाबतीत तुम्ही नकळत आमच्या पुढे आहात.

शब्दांचा घोळ सोडवा

मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. इथे मात्र फरक पाळू या. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, त्यातली दारू, बुडाची टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असं सगळं मिळून. गोळी म्हणजे फक्त उडून जाणारा तुकडा. डब्यावर जो ग्रेनचा आकडा असतो तो या गोळीच्या वजनाचा, दारूचा नव्हे. ही चूक मी स्वतः महिनाभर करत होते.

ग्रेन हे माप परकं वाटत असेल तर सोनाराच्या काट्याकडे पाहा. ब्रिटिश काळात ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या काडतुसाची १५८ ग्रेनची गोळी तोळ्याला थोडी कमी, आणि ९० ग्रेनची गोळी बरोबर अर्धा तोळा. एवढं लक्षात ठेवलं की डब्यावरचे आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात.

नावांमध्येही सापळे आहेत. .३८ स्पेशल आणि .३८ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन) ही दोन वेगळी काडतुसं आहेत. दुसरं आखूड आणि किंचित जाड. तसंच .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .३२ एसीपी हे पिस्तुलाचं. नुसतं 'बत्तीस द्या' म्हणू नका. नळीवर जे नाव कोरलंय ते अक्षर न अक्षर डब्यावर हवं. एक सवलत मात्र मोठी आहे: .३५७ मॅग्नम या जास्त जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. उलटं चालत नाही. मॅग्नमची केस, म्हणजे ते पितळी नळकांडं, मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली आहे, ती .३८ मध्ये शिरूच नये म्हणून.

डब्यावरची विशेषणं सोडा, गुणाकार करा

डब्यावर 'लाइट', 'लो रिकॉइल', 'मॅनेज्ड' असं काहीबाही छापलेलं असतं. ते वाचून ठरवू नका. दोन आकडे शोधा: गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग फूट प्रति सेकंदात. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा. स्पर्धांमध्ये या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. एकाच रिव्हॉल्व्हरमधून झाडल्यावर कोणतं काडतूस जास्त मागे ढकलेल, याचा अंदाज या एका आकड्यात येतो.

मी वहीत लिहून ठेवलेले काही आकडे देते. वेग कंपन्यांनी दिलेले, म्हणजे साधारण चार इंची चाचणी नळीतले. .३८ स्पेशलची १४८ ग्रेनची वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी, तिच्याबद्दल पुढे) सुमारे ६९० च्या वेगाने जाते: १०२. साधी गोल टोकाची १५८ ग्रेन ७५५ ने: ११९. ११० ग्रेनची 'लो रिकॉइल' म्हणून विकली जाणारी ९८० ने: १०८. ९० ग्रेनची 'लाइट' १२०० ने: तीही १०८. १५८ ग्रेनची प्लस पी ८९० ने: १४१. आणि .३५७ मॅग्नमची १२५ ग्रेनची जुनी, गाजलेली गोळी १४५० ने: १८१.

यात मला पहिल्यांदा धक्का बसला तो १०२ आणि १०८ पाहून. सगळ्यात जड गोळ्यांपैकी एक असलेली वॉडकटर, अर्ध्या तोळ्याच्या 'लाइट'पेक्षा कमी ढकलते! कारण ती सावकाश जाते. 'हलकी गोळी म्हणजे हलका धक्का' हे अर्धंच सत्य आहे. हलक्या गोळीला वेग देण्यासाठी दारू जास्त लागते, आणि नळीच्या तोंडातून सुसाट सुटणारा तो वायूही मागे ढकलतोच. माझ्या गुणाकारात हा वायू धरलेला नाही, त्यामुळे मॅग्नमचा खरा धक्का १८१ वरून वाटतो त्याहून वाईट असतो.

माझ्या मते दुखरा हात असेल तर ११० च्या आत राहावं आणि प्लस पी या शब्दापासून दूर राहावं. प्लस पी म्हणजे .३८ स्पेशलच्या नेहमीच्या १७,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाऐवजी २०,००० पर्यंतचा दाब. जुन्या रिव्हॉल्व्हरला तो चालतोच असं नाही, आणि दोन इंची नळीत त्याचा फायदा किती, हा वादाचा मुद्दा आहे. तुमच्या हातावर होणारा परिणाम मात्र वादातीत.

रिव्हॉल्व्हरचं वजन हिशेबात धरा

काडतूस निवडायच्या लेखात हे का? कारण निम्मं उत्तर इथे आहे. तेच काडतूस, तोच गुणाकार. पण धक्क्याची ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. माझ्या सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरऐवजी एक किलोच्या आसपासचं, चार इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं (स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० हा त्याचा नमुना) तर तीच गोळी अर्ध्याहून कमी ऊर्जेने हात ढकलते. खिशात ठेवायला हलकं बरं, झाडायला जड बरं. दुकानात शस्त्र फक्त उचलून पाहतात, झाडून पाहत नाहीत, म्हणून हलकं विकलं जातं.

आधीच हलकं घेऊन बसला असाल तर मूठ बदला. लाकडी अरुंद मूठ असेल तर मागची धातूची पट्टी उघडी असते आणि ती थेट अंगठ्याच्या जाळीत घुसते. ती पट्टी झाकणारी रबरी मूठ घेतली की आकडे तेच राहतात पण झोंबणं बरंच कमी होतं. अट एकच: मूठ जाड झाल्यावरही बोटाचं पेर चापापर्यंत नीट पोहोचलं पाहिजे. माझी पहिली रबरी मूठ एवढी जाड निघाली की चाप ओढताना नळीच डावीकडे वळायची.

आणि कान. हे मी फार उशिरा शिकले. आपल्याला जे 'दुखलं' वाटतं त्यातला बराच भाग आवाज आणि तोंडावर येणारा फुफाटा असतो. कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, असं दुहेरी संरक्षण घ्या. बंद रेंजवर तर नक्कीच. आमच्या काकांनी फक्त एवढं केलं आणि म्हणाले, 'काडतूस बदललं का गं तू?' बदललं नव्हतं.

वॉडकटर: जुनं, स्वस्तातलं दिसणारं, उत्तम

वॉडकटर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं डब्यात रिकामी काडतुसं आली आहेत. गोळी केसच्या तोंडाशी सपाट बसलेली, टोक नाहीच. खडूचा तुकडा नळीत घालून वरून कापावा तशी. ही शिशाची गोळी मुळात कागदी निशाणावरच्या नेमबाजीसाठी आहे: सपाट तोंडामुळे कागदात पेपर पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना भांडण होत नाही. वेग कमी, दाब कमी, आणि अचूकता अशी की चूक झाली तर ती आपलीच असते, हे मान्य करावं लागतं.

धक्का कसा वाटतो? प्लस पी म्हणजे कुणी तळहातावर पट्टी मारावी तसं. वॉडकटर म्हणजे कुणी तळहाताला टेकून ढकलावं तसं. माझ्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये या दोघांतला धक्क्याच्या ऊर्जेचा फरक जवळजवळ दुपटीचा येतो, आणि हाताला तो हिशेब न करताही कळतो.

आता तिचे दोष. सपाट तोंडामुळे स्पीडलोडरने, म्हणजे सगळी काडतुसं एकदम भरायच्या साधनाने, पटकन भरता येत नाही. टोक नसल्याने ती भोकाच्या कडेला अडते. म्हणून बरेच जण सिलिंडरमध्ये वॉडकटर भरतात आणि जादाची पाच गोल टोकाची ठेवतात. दुसरं, शिसं आणि वंगण यांमुळे नळी नि सिलिंडर लवकर काळे होतात. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये सतत आखूड .३८ झाडलीत तर भोकांच्या आत काजळीचं कडं धरतं आणि पुढे मॅग्नम काडतूस नीट बसत नाही. ब्रशने घासून काढा. तिसरं, ती प्रत्येक दुकानात नसते. दिसली की दोन-चार डबे घेऊन ठेवा, हापूस दिसल्यावर आपण घेतो तशा.

घरात संरक्षणासाठी ती पुरेशी का, हा प्रश्न हमखास येतो. एफबीआयच्या कसोटीत गोळीने जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच खोल जावं अशी अपेक्षा असते. वॉडकटर फुलत नाही, त्यामुळे खोली गाठायला तिला अडचण येत नाही; शिवाय सपाट तोंड गोल टोकापेक्षा जास्त कापतं. दोन इंची नळीतून जाणाऱ्या हलक्या पोकळ टोकाच्या गोळ्यांचं दुखणं असं की वेग कमी पडला तर त्या उघडतच नाहीत, आणि उघडल्या तर कधी उथळ राहतात. माझ्या घरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वॉडकटर असते. याविरुद्ध मत असणारे भरपूर जाणकार आहेत. पण त्यांच्या अंगठ्याला संधिवात नाही.

.३२ आणि .२२ ला कमी लेखू नका

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे १८९६ सालचं काडतूस. ९८ ग्रेनची गोळी ७०० च्या आसपास: गुणाकार ६९. वॉडकटरच्याही दोन तृतीयांश. ऑलिंपिक पद्धतीच्या सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धांमध्ये .३२ ची वॉडकटर वर्षानुवर्षं वापरली जाते, ते तिच्या मवाळपणामुळे आणि अचूकतेमुळेच. भारतातलं २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने काढलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही .३२ चं आणि अर्ध्या किलोचं. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा केएफ शिक्का असलेली .३२ ची काडतुसं अनेकांनी पाहिली असतील.

अमेरिकेत यात एक सुंदर जिना आहे. १९८४ साली आलेलं .३२ एच अँड आर मॅग्नम नावाने मॅग्नम असलं तरी ८५ ग्रेन गुणिले ११२० म्हणजे ९५, वॉडकटरच्या खालीच. त्यावर .३२७ फेडरल मॅग्नम. .३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही तिन्ही चालतात, आणि छोट्या आकाराच्या रिव्हॉल्व्हरमध्येही पाचऐवजी सहा काडतुसं मावतात. हात बरा असेल त्या दिवशी वरची पायरी, दुखत असेल त्या दिवशी खालची. .३२ लाँग सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही, एवढीच तक्रार. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर मी .३२ घेतलं असतं.

.२२ लाँग रायफल म्हणजे गुणाकार ४० च्या घरात. धक्का असा नाहीच. शिकायला याहून चांगलं काही नाही. पण रिव्हॉल्व्हरमध्ये .२२ चा चाप बहुधा जास्त कडक असतो, कारण टोपीऐवजी बुडाच्या काठातच पेटवणारा मसाला असलेल्या या काडतुसाला ठोका जोरात लागतो. धक्का सोसत नाही म्हणून .२२ घेतलं आणि चापच ओढवेना, असं एका मैत्रिणीचं झालंय. घेण्याआधी दुकानात, परवानगी घेऊन, रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप दहा वेळा ओढून पाहा. दहावी ओढ पहिलीसारखी जमली तर पुढे बोलू.

रेंजवरची परीक्षा

आता प्रत्यक्ष निवड. गुणाकार करून तीन प्रकार निवडा, प्रत्येकाचा एकच डबा घ्या. खोकीच्या खोकी मागवू नका. माझ्याकडे त्या पहिल्या प्लस पीचे चार डबे अजून पडून आहेत.

पहिला दिवस फक्त .२२ चा किंवा वॉडकटरचा. निशाण सात यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटर. पाच झाडा, थांबा, बोटं मोकळी करा, पुन्हा पाच. तीस झाल्या की घरी जा, जमत असलं तरी.

दुसऱ्या दिवशी तुलना. सोबत्याला सांगा की पाठमोरं होऊन सिलिंडर त्याने भरायचं आणि कोणता प्रकार ते सांगायचं नाही. प्रत्येक पाच गोळ्यांनंतर दुखण्याला दहापैकी गुण द्या आणि कागद बदला. नाव माहीत असलं की हात आधीच घाबरतो किंवा आधीच खूश होतो. मला ११० आणि ९० ग्रेनमधला फरक ओळखता आला नाही, वॉडकटर मात्र दर वेळी ओळखली.

मधेच सोबत्याने एखाद-दोन नकली काडतुसं, म्हणजे स्नॅप कॅप, मिसळावीत. नकलीवर ठोका पडताना नळी खाली झुकली तर तुम्ही धक्क्याआधीच दचकताय. हे सगळ्यांचं होतं, लाजू नका. पण त्यातून एक गोष्ट कळते: एखाद्या काडतुसावर दचकणं वाढत चाललं असेल, तर गुण चांगले दिले असले तरी ते काडतूस तुमचं नाही.

कागदावर पाहायचं ते असं: शेवटच्या पाचांचा घोळका पहिल्या पाचांइतकाच लहान आहे का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना अंगठा काय म्हणतो? माझ्या मते ही दुसरी परीक्षा जास्त खरी. हातात मुंग्या आल्या किंवा रात्रभर ठणकलं तर काडतूस बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोळी खाली का लागते?

हलक्या काडतुसावर आल्यावर नवख्यांना वाटतं आपला नेम बिघडला, कारण कागदावर सगळं दोन-तीन बोटं खाली. नेम ठीक असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच धक्क्याने नळी वर उचलली जायला लागते. जड आणि सावकाश गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून वर लागते. हलकी आणि वेगवान लवकर सुटते, म्हणून खाली. .३८ च्या कित्येक रिव्हॉल्व्हरांची पक्की माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, १५८ ग्रेनच्या हिशेबाने घासलेली असते. त्यात ९० ग्रेन घातलीत तर खाली लागणारच. माशी-खाच फिरवता येत असेल तर फिरवा. येत नसेल तर १३० ते १५८ च्या दरम्यानची, पण सावकाश जाणारी गोळी शोधा. इथेही वॉडकटर आपली बाजू राखते. काउबॉय स्पर्धांसाठी विकली जाणारी चपट्या टोकाची शिशाची काडतुसंही या कामाला चांगली. सरावासाठी मी तीच जास्त वापरते.

बिघाड ओळखा

कमी जोराच्या काडतुसांत क्वचित एखादं अगदीच मेलेलं निघतं. 'ठो'ऐवजी 'फुस्स' झालं, धक्का जाणवला नाही, तर हात तिथेच थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. ठोका पडून काहीच झालं नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद मोजा आणि मगच सिलिंडर उघडा. याच कारणाने मित्राने घरी भरलेली काडतुसं मी घेत नाही. मित्र चांगला आहे. त्याचा तराजू मी पाहिलेला नाही.

अगदी हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये उलटा प्रकार होतो: धक्क्याच्या झटक्याने न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरेनासं होतं. चार झाडा, पाचवं काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करा. उंच दिसलं तर तो प्रकार तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. टायटॅनियम-स्कँडियम अशा हलक्या धातूंच्या काही मॅग्नम मॉडेलांच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये असं कोरलेलंच असतं. 'हलकी म्हणून बरी' म्हणत तिथे अर्ध्या तोळ्याची मॅग्नम घालू नका.

संधिवातवाले चाप हलका करण्यासाठी स्प्रिंग बदलून घेतात. मीही घेतली. त्यानंतर दोन ब्रँडची काडतुसं पाचातून एकदा पेटेनाशी झाली, कारण टोपी कठीण आणि ठोका मऊ. स्प्रिंगला हात लावलात तर निवडलेल्या काडतुसाची किमान पन्नास विनातक्रार झाडून पाहा. एकही चुकलं तर स्प्रिंग परत किंवा काडतूस वेगळं. फेडरल कंपनीच्या टोप्या मऊ असतात असा नेमबाजांचा जुना अनुभव आहे, माझाही तोच.

शिसं आणि कुलूप

उघड्या शिशाच्या गोळ्या म्हणजे बोटांना शिसं. रेंजवर काही खायचं नाही, पर्समधला चिवडाही नाही. निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा, घरी आल्यावर कपडे वेगळे टाका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे कसोशीने, आणि गरोदर बाईने रेंजवर जाऊच नये. शस्त्र कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या नातवंडांना माहीत असलेल्या डब्यात नाहीत.

ते पहिलं सव्वाचारशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर मी विकलं नाही. मूठ बदलली, स्प्रिंग बदलली, आणि महिन्यातून एकदा त्यातून पाच वॉडकटर झाडते. पाचच. मग मोठं काढते.